किनाऱ्यावरच्या पवनचक्क्या: होकार देण्याआधी काय तपासायचं?

खाडीकाठ

किनाऱ्यालगतच्या वस्तीपुढे पवनऊर्जेचा प्रस्ताव आला की बैठकीत दोनच सूर लागतात. एक म्हणतो वारा फुकटचा, वीज स्वच्छ, हाताला काम मिळेल. दुसरा म्हणतो आवाजाने झोप उडेल, मासळी जाईल, पक्षी मरतील. आकडे कुणाकडेच नसतात.

म्हणून एक ठराविक प्रस्ताव धरून विचारतो. पहिल्या टप्प्यात किनाऱ्यालगतच्या पठारावर प्रत्येकी ३ मेगावॅटच्या ५ चक्क्या. दुसऱ्या टप्प्यात २० किलोमीटर आत समुद्रात मोठा प्रकल्प, आणि त्याची केबल याच किनाऱ्यावर येणार. वस्तीतले बहुतेक लोक मासेमारीवर जगणारे.

फायदा किती खरा, हे कशावरून ओळखायचं? खाऱ्या हवेत ही यंत्रं किती टिकतात? आणि लेखी काय काय घ्यायला हवं? या कामातल्या जाणकारांनी मोघम न बोलता आकड्यांसह लिहावं, ही विनंती.

---

वातकुक्कुट

सगळ्यात आधी वाऱ्याच्या मोजणीचा अहवाल मागा. मिळकत, कर्जफेड, वस्तीचा हिस्सा, सगळं त्यावरच उभं असतं.

वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वेग ६ मी/सेच्या जागी ७ झाला की शक्ती १.५९ पट होते. चक्कीचं वर्षाचं उत्पादन तितकं वाढत नाही, कारण साधारण १२ मी/सेच्या आसपास ती पूर्ण क्षमतेला पोचते आणि त्यापुढचा वारा पाती वळवून सोडून देते. तरीही सरासरीतला १ मी/सेचा फरक प्रकल्प तारू शकतो किंवा बुडवू शकतो.

किनाऱ्यावर फसगत होते ती खाऱ्या वाऱ्यांमुळे. दुपारी ते चढतात, कपडे फडफडतात, झाडंसुद्धा एका अंगाला कललेली दिसतात, आणि वाटतं की इथे वाऱ्याला तोटा नाही. संध्याकाळी तेच वारे पडतात. रात्रीचे मतलई वारे बरेच दुबळे असतात, आणि सरासरीत रात्रही धरावी लागते. शिवाय खाऱ्या वाऱ्याचा जोर किनाऱ्यापासून आत जाता जाता ओसरतो. त्यामुळे पठाराच्या समुद्राकडच्या टोकाला आणि २-३ किलोमीटर आतल्या टोकाला एकच आकडा लावलेला असेल तर तिथे बोट ठेवा.

मोजणी किमान १२ महिने सलग हवी, दर १० मिनिटांच्या सरासरीने. मोजणी मनोऱ्यावर निदान तीन वेगवेगळ्या उंचींवर वेगमापक हवेत, आणि सगळ्यात वरचा चक्कीच्या आसाच्या उंचीच्या दोन तृतीयांश उंचीवर तरी हवा. आस १०० मीटरवर असेल तर ६७ मीटर. लायडारने, म्हणजे लेझर किरणांनी वारा मोजणाऱ्या यंत्राने, केलेली मोजणीही चालते. मग ते एक वर्ष मागच्या १०-२० वर्षांच्या नोंदींशी ताडून पाहतात, कारण मोजलेलं वर्ष वाऱ्याच्या दृष्टीने चांगलं निघालेलं असू शकतं.

१० मीटर उंचीवरच्या हवामान केंद्राचा आकडा गुणून दिला असेल तर तो स्वीकारू नका. उंचीबरोबर वेग किती वाढतो हे एका घातांकावर ठरतं. उघड्या सपाट जमिनीवर तो ०.१४ च्या आसपास असतो, समुद्रावर ०.१० च्या. १० मीटरवर ५ मी/से वेग असला तर पहिल्या घातांकाने १०० मीटरवर ६.९ येतात, दुसऱ्याने ६.३. शक्तीच्या हिशोबात हा फरक सुमारे ३२ टक्क्यांचा आहे. किनाऱ्यावर वारा समुद्राकडून येतो तेव्हा एक घातांक लागू, जमिनीकडून येतो तेव्हा दुसरा. इथे अंदाजाने भागत नाही.

पठाराला समुद्राच्या बाजूने उभा कडा असेल तर कड्याच्या अगदी काठावर चक्की नको. वारा कड्यावर आदळून वर उसळतो आणि काठामागे जमिनीलगत भोवरे पडतात. वरच्या पात्याला जोराचा वारा आणि खालच्या पात्याला भोवरा, असा असमान भार दर फेऱ्याला बसला की मुख्य बेअरिंग आणि पात्यांच्या मुळाशी असलेले बोल्ट वेळेआधी थकतात. काठापासून किती मागे यायचं हे त्या कड्याच्या आकारावर ठरतं. त्याची स्वतंत्र प्रवाह-गणना झाली आहे का, हे विचारा.

उत्पादनाच्या अंदाजात पी-५० आणि पी-९० असे दोन आकडे असतात. पी-५० म्हणजे तेवढं किंवा जास्त उत्पादन होण्याची शक्यता निम्मी. पी-९० म्हणजे दहातली नऊ. अंदाजातली अनिश्चितता १२ टक्के धरली तर पी-९० हा पी-५० च्या सुमारे ८५ टक्के भरतो. कर्ज देणारे पी-९० कडे बघतात. वस्तीपुढच्या सादरीकरणात बहुधा पी-५० असतो. तुम्हीही पी-९० धरा.

सोपा ताळा असा: ३ मेगावॅटची चक्की ३० टक्के क्षमता वापराने (वर्षभर पूर्ण जोराने चालली असती तर मिळाली असती त्या विजेच्या ३० टक्के) वर्षाला ३,००० × ८,७६० × ०.३० म्हणजे सुमारे ७८.८ लाख युनिट देते. जमिनीवरच्या चक्कीला ४५ टक्के धरले असतील तर कुठल्या मोजणीवरून, हे लेखी मागा.

---

जस्तलेप

खाऱ्या हवेचं मी लिहितो.

पोलाद किती वेगाने गंजतं त्याचे वर्ग आयएसओ १२९४४ या मानकात दिले आहेत. तिसऱ्या वर्गात (सी-३) जस्ताचा थर वर्षाला ०.७ ते २.१ मायक्रॉन झिजतो. समुद्रकिनाऱ्याच्या सी-५ वर्गात तोच ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतो. वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला नेहमीचा ८५ मायक्रॉनचा थर धरा. आतल्या भागात तो ४० वर्षं सहज जातो, किनाऱ्यावर १० ते २०. भर समुद्रातल्या चक्क्यांसाठी त्याहून कडक सीएक्स हा वर्ग आहे. प्रस्तावात मनोरा, शिड्या, कठडे, केबलचे ट्रे या प्रत्येकासाठी वर्ग लिहिलेला हवा. मनोऱ्याचा रंग उत्तम असतो. गंजतात ते बाहेरच्या जिन्याचे कठडे आणि त्यांचे कंस, कारण त्यांच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

पावसाने धुतला जाणारा भाग कमी गंजतो, आडोशाचा जास्त. तपासणीला जाल तेव्हा कठड्याची वरची बाजू बघून परत येऊ नका, खालून हात फिरवा. बोल्ट जवळून बघा. घट्ट करताना वॉशरच्या कडेला रंगाला केसाएवढी चीर जाते, तिथून खारं पाणी आत शिरतं, आणि पहिली खूण म्हणून नटाखाली तपकिरी ओघळ दिसतो. बोल्टचं डोकं तेव्हाही नव्यासारखं असतं. उच्च ताकदीच्या बोल्टांना विजेच्या मुलाम्याने जस्त चढवलं तर पोलादात हायड्रोजन शिरून बोल्ट ठिसूळ होऊन अचानक तुटण्याचा धोका असतो. तिथे मुलाम्याचा प्रकार विचाराच.

खारेपणाने मोठा प्रकल्प कसा अडतो याचं ठळक उदाहरण डेन्मार्कचं हॉर्न्स रेव्ह-१ आहे. २००२ मध्ये समुद्रात २ मेगावॅटच्या ८० चक्क्या उभ्या राहिल्या. २००४ मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटरच्या दुरुस्तीसाठी सगळ्यांचे वरचे यंत्रकक्ष किनाऱ्यावर आणावे लागले. त्यानंतरच्या रचनांमध्ये यंत्रकक्ष बंदिस्त ठेवतात, आत गाळलेली कोरडी हवा भरून बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त दाब राखतात, म्हणजे फटींतून खारी हवा आत ओढली जात नाही. किनाऱ्यावरच्या ५ चक्क्यांसाठीही हीच व्यवस्था मागा. आतल्या भागासाठीचं स्वस्त मॉडेल किनाऱ्यावर आणून बसवलं तर पाच-सहा वर्षांत नियंत्रण पेट्यांमधली जोडणी हिरवी पडते.

वीजवाहिनीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. कोरडा असताना तो काही करत नाही. पहाटेच्या दवाने ओला झाला की त्यावरून वीज वाहते, ठिणगी पडते आणि वाहिनी बंद पडते. फार खारट जागेसाठी प्रति किलोव्होल्ट ३१ मिलिमीटर पृष्ठमार्ग (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून दोन टोकांमधलं अंतर) धरायची जुनी रीत आहे. ३३ किलोव्होल्टच्या वाहिनीचा कमाल दाब ३६ किलोव्होल्ट, म्हणजे १,११६ मिलिमीटर. त्यापेक्षा कमी असेल तर वरचेवर धुवावं लागेल, आणि तो खर्च देखभालीत दिसायला हवा.

पात्याच्या टोकाचा वेग ९० मी/से, म्हणजे ताशी ३२४ किलोमीटर असू शकतो. त्या वेगात पावसाचा थेंब खड्यासारखा लागतो, आणि पात्याची पुढची धार आधी खरखरीत होते, मग तिचे पापुद्रे निघतात. डेन्मार्कच्या अनहोल्ट प्रकल्पात १११ पैकी ८७ चक्क्यांच्या पात्यांची दुरुस्ती काही वर्षांतच करावी लागली होती. संरक्षक पट्टी कधी बसवणार, पुन्हा कधी बदलणार, हे देखभालीच्या वेळापत्रकात आहे का बघा.

वादळाचं वेगळं. आयईसी ६१४०० मानकात पहिल्या वर्गाची चक्की ५० मी/से या १० मिनिटांच्या सरासरी वाऱ्याला टिकेल अशी असते, दुसऱ्याची ४२.५, तिसऱ्याची ३७.५. चक्रीवादळाच्या पट्ट्यासाठी ५७ मी/सेचा टी वर्ग आहे. मंद वाऱ्यात जास्त वीज देते म्हणून लांब पात्यांची तिसऱ्या वर्गातली चक्की सुचवली जाते, आणि वादळी किनाऱ्यावर तीच चूक ठरते. २००३ मध्ये माएमी वादळात जपानच्या मियाको बेटावरच्या चक्क्या कोसळल्या. वादळात ग्रिडची वीज गेली की चक्कीला तोंड वाऱ्याकडे वळवता येत नाही आणि वारा बाजूने बसतो. तोंड फिरवणाऱ्या मोटरसाठी स्वतंत्र बॅटरी किंवा जनरेटर आहे का, हे एका ओळीत विचारून घ्या.

---

शांतवेळ

आवाजाबद्दल थोडक्यात. ३ मेगावॅटच्या चक्कीची ध्वनिशक्ती १०५ डेसिबलच्या आसपास असते. मोकळ्या जागेत अंतराने आणि हवेने घटून ५०० मीटरवर ती साधारण ४० डेसिबल उरते, १ किलोमीटरवर ३२ च्या आसपास. हे एका चक्कीचं, सारख्याच अंतरावर दोन असतील तर ३ डेसिबल मिळवा. किनाऱ्यावर लाटांचा आवाज चक्कीचा आवाज झाकतो असं अहवालात लिहितात. समुद्रासमोरच्या घरांना ते लागू आहे. वाळूच्या टेकाडामागच्या किंवा दरडीच्या आडोशाच्या घरांना लाटा ऐकू येत नाहीत, वर फिरणारी चक्की मात्र येते. पार्श्वभूमीची मोजणी त्या घरांच्या अंगणात, रात्री, वारा मंद असताना झाली पाहिजे.

सावलीची लुकलुक हा वेगळा त्रास आहे. सकाळ-संध्याकाळी फिरत्या पात्यांची सावली खिडकीवर पडून उजेड सतत कमी-जास्त होतो. चक्राच्या व्यासाच्या दहापटीपर्यंत याचा विचार करतात. व्यास १२० मीटर असेल तर १.२ किलोमीटर. जर्मनीत यासाठी वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटं अशी मर्यादा वापरतात. कोणत्या घरावर कोणत्या तारखेला किती वाजता सावली येईल हे आधी काढता येतं आणि तेवढा वेळ चक्की आपोआप थांबवता येते. त्यामुळे यावर वाद घालत बसायची गरज नाही. तक्ता मागा आणि थांबवण्याची अट घाला.

समुद्रातल्या चक्क्या किती मोठ्या दिसतील? पात्याचं टोक २६० मीटर उंच, अंतर २० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलाईमुळे किनाऱ्यावर उभ्या माणसाला खालचे १७-१८ मीटर दिसत नाहीत. उरलेली चक्की हात लांब करून धरलेल्या पट्टीवर सुमारे ७ मिलिमीटर भरते. दिवसा हे अनेकांना चालतं. रात्री लुकलुकणारे लाल दिवे जास्त खुपतात. विमान जवळ आल्यावरच लागणारी यंत्रणा उपलब्ध आहे, ती मागावी.

पक्ष्यांसाठी जागेची निवड हाच मुख्य उपाय. स्थलांतराची वाट आणि पाणथळ जागा टाळायच्या. नॉर्वेच्या स्मोला बेटावर चार चक्क्यांचं एकेक पातं काळं रंगवल्यावर तिथले पक्षिमृत्यू ७० टक्क्यांहून जास्त घटले होते. नमुना लहान आहे, पण उपाय स्वस्त आहे. उभारणीआधीच रंगवून घेतला तर आणखी स्वस्त.

---

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार, यातलं बरंच नव्याने कळलं. एक उपप्रश्न. वादळानंतर किनाऱ्यावर कित्येक दिवस वीज नसते. दारात १५ मेगावॅटच्या चक्क्या असतील तर निदान पाण्याचा पंप, दवाखाना आणि बर्फाचा कारखाना चालेल ना?

---

रोहित्र

नाही. आधीपासून तशी रचना करून घेतली नसेल तर चालणार नाही, आणि हे लोकांना अगोदर सांगणं फार महत्त्वाचं आहे, कारण वस्तीची सगळ्यात मोठी अपेक्षा हीच असते.

बहुतेक चक्क्यांचे इन्व्हर्टर ग्रिडचा दाब आणि वारंवारता बघून त्यामागून चालतात. ग्रिड गेली की ते स्वतः बंद होतात, आणि तसं होणं आवश्यकच आहे. तारांवर काम करणाऱ्या माणसाला पलीकडून वीज आली तर जीव जाईल. म्हणून वर फिरायला वारा आणि खाली अंधार, अशी स्थिती येते.

वस्तीपुरती वीज चालू ठेवायची तर चार गोष्टी लागतात. वाहिनी बाकीच्या ग्रिडपासून तोडणारा स्विच. स्वतः वारंवारता धरून ठेवणारा बॅटरीसह इन्व्हर्टर. मागणीपेक्षा जास्त वीज आली तर पाती वळवून उत्पादन घटवण्याची चक्कीला दिलेली सूचना. आणि कोणते भार चालू ठेवायचे याची आधीच वेगळी केलेली वाहिनी. ३ मेगावॅटची चक्की २०० किलोवॅटच्या भारावर चालवणं अवघड जातं, झुळुकेगणिक उत्पादन वरखाली होतं. त्यामुळे बॅटरीला मोजक्या मिनिटांत मोठे धक्के सोसावे लागतात. बॅटरी किती तास पुरते, एवढंच विचारून थांबू नका. ती एका क्षणी किती किलोवॅट घेऊ आणि देऊ शकते, तेही विचारा.

डिझेल जनरेटर जोडीला ठेवणार असाल तर तो ३०-४० टक्क्यांहून कमी भारावर सतत चालवू नका. इंधन पूर्ण जळत नाही, धुराड्यात काळं चिकट तेल साचतं आणि इंजिन लवकर खराब होतं.

स्पेनच्या कॅनरी बेटांतल्या एल हिएरोवर एकूण ११.५ मेगावॅटच्या ५ चक्क्या आणि जोडीला उंचावरच्या तलावाचा ११.३ मेगावॅटचा जलविद्युत संच आहे. वारा जास्त असताना पाणी वर चढवायचं, कमी असताना खाली सोडायचं. डिझेल तिथेही ठेवावं लागलं आहे.

पंप आणि दवाखान्यापुरती छोटी चक्की हा दुसरा मार्ग. तिच्याबद्दल अपेक्षा माफक ठेवा. २.५ मीटर व्यासाचं चक्र ५ मी/से वाऱ्यात हाती १०० वॅटच्या थोडंसं वर देतं, १० मी/से वाऱ्यात आठपट. म्हणून उंची सोडू नये. १५० मीटरच्या परिसरातल्या सगळ्यात उंच झाडा-घराहून चक्र किमान ९ मीटर वर हवं. छपरावर बसवलेली चक्की भोवऱ्यात सापडते आणि घर हादरवते.

केबलमध्ये वीज कशी वाया जाते ते बघा. १ किलोवॅट, ५० मीटर अंतर, १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार. २४ व्होल्टवर सुमारे ४२ अँपिअर वाहतात आणि १९० वॅट तारेतच गरम होऊन जातात. ४८ व्होल्टवर हाच तोटा ४८ वॅटच्या आसपास येतो. ४८ च घ्या.

छोट्या चक्क्या मरतात त्या बहुधा दोन कारणांनी. बॅटरी भरली किंवा फ्यूज उडाला की भार सुटतो, चक्र बेफाम फिरतं आणि पातं तुटतं. म्हणून जादा वीज जाळणारा रोधक कायम जोडलेला हवा आणि त्याच्या वाटेत कुठलाही स्विच नको. दुसरं, जनरेटरमधल्या निओडिमियम चुंबकांवरच्या मुलाम्याला टाचणीएवढं छिद्र पडलं तरी खारी हवा आत जाते. चुंबक फुगतो, फिरता भाग स्थिर भागाला घासू लागतो. आधी बारीक खरखर ऐकू येते. त्या दिवशीच थांबवा. तीनही फेज एकत्र जोडून थांबवायची पद्धत मंद वाऱ्यातच वापरायची, जोराच्या वाऱ्यात तसं केलं तर वेटोळी जळतात.

---

डोलकाठी

समुद्रातल्या टप्प्याबद्दल. मासेमारांच्या दृष्टीने चक्क्यांपेक्षा केबल जास्त महत्त्वाची आहे, आणि तिच्याबद्दल बैठकीत सगळ्यात कमी बोललं जातं.

केबल साधारण १ ते २ मीटर खोल पुरतात. ज्या दिवशी पुरली त्या दिवशीची ही खोली. वाळूचा तळ हलतो, विशेषतः लाटा फुटतात त्या पट्ट्यात. अमेरिकेच्या ब्लॉक आयलंडवर २०१६ मध्ये ६ मेगावॅटच्या ५ चक्क्या सुरू झाल्या. बेटाची रोजची डिझेल जनित्रं थांबली आणि बेट मुख्य भूमीच्या ग्रिडला जोडलं गेलं, हा मोठा फायदा झाला. पण पुळणीजवळ केबल पुरेशी खोल गेली नव्हती, ती उघडी पडली आणि नंतर पुन्हा खोल घालावी लागली. म्हणून किनाऱ्याजवळ चर खणण्यापेक्षा आडवं छिद्र पाडून लाटांच्या पट्ट्याच्या पलीकडे बाहेर काढलेली केबल मागा. मार्गाचं सर्वेक्षण दरवर्षी आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर करायचं, आणि त्याचा नकाशा नौकांच्या जीपीएस यंत्रात भरता येईल अशा स्वरूपात द्यायचा, ही अट घाला.

समुद्रातल्या चक्कीच्या खांबाभोवती प्रवाहाने तळ उकरला जातो. व्यासाच्या १.३ पट खोल खड्डा धरतात, ८ मीटर व्यासाच्या खांबाला १० मीटरहून जास्त. ते टाळायला दगड टाकतात. त्या दगडांवर घासून केबलचं संरक्षक आवरण झिजल्याचं २०२१ मध्ये युरोपातल्या अनेक प्रकल्पांत उघड झालं. आणि त्याच दगडांत जाळी अडकतात. दगडांचा पसारा खांबापासून किती मीटर, हा आकडा नकाशावर हवा.

आत मासेमारी करता येईल का, हे देशागणिक वेगळं आहे. ब्रिटनमध्ये उभारणीच्या काळात प्रत्येक खांबाभोवती ५०० मीटर बंदी असते, पुढे बहुतेक भाग खुला होतो. बेल्जियममध्ये आत मासेमारी बंद आहे. २०० मीटर व्यासाच्या चक्क्या एकमेकींपासून १.४ ते २ किलोमीटरवर असतात. त्यांच्यामध्ये पिंजरे किंवा स्थिर जाळी लावता येतात, पण तळ खरवडणारं ट्रॉलर जाळं ओढत वळणं फार धोक्याचं असतं. कायद्याने खुलं आणि प्रत्यक्षात बंद, असं होतं ते इथे. भरपाईच्या करारात जाळ्याचा प्रकार लिहिलेला हवा.

खांब ठोकण्याचा आवाज पाण्यात फार दूर जातो. जर्मनीत ७५० मीटरवर १६० डेसिबलची मर्यादा आहे. पाण्यातला हा आकडा हवेतल्या डेसिबलशी ताडू नका. त्यासाठी तळाला छिद्रांच्या नळीचं कडं टाकून हवेच्या बुडबुड्यांचा पडदा उभा करतात. मासळीच्या विणीच्या महिन्यांत ठोकाठोक बंद, ही अट त्याहून साधी आणि परिणामकारक.

५०-६० मीटरहून खोल पाण्यात तरंगत्या चक्क्या लागतात. स्कॉटलंडच्या हायविंड प्रकल्पात २०१७ पासून अशा ६ मेगावॅटच्या ५ चक्क्या आहेत. मोठ्या दुरुस्तीसाठी २०२४ मध्ये त्या ओढून नॉर्वेला न्याव्या लागल्या. तरंगत्या चक्कीचे नांगराचे साखळदंड तळावर दूरवर पसरतात, त्यामुळे तिथे मासेमारीला जागा आणखी कमी उरते.

---

निळीशाई

खांबांवर शिंपले वाढतात, त्यामागून मासे येतात. ब्लॉक आयलंडला गळाने मासे धरणारे मुद्दाम खांबांपाशी जातात. मग मासळी घटेल ही भीती जरा जास्तच नाही का?

---

डोलकाठी

मासे जमतात हे खरं. जमणं आणि वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आसपासचेच मासे खांबापाशी गोळा झाले तर गळवाल्याला फायदा होतो आणि एरवी तेच मासे दुसरीकडे जाळ्यात धरणाऱ्याचं नुकसान. शिवाय खडकाळ तळाच्या जाती येतात. वाळूच्या तळावरच्या मासळीवर ज्याचं घर चालतं, त्याला त्या बदलात काहीच मिळत नाही.

भांडण मिटवायचं असेल तर काम सुरू होण्याआधी निदान दोन वर्षं मासळीची मोजणी हवी. ती प्रकल्पाच्या जागी हवी आणि तशाच दुसऱ्या, प्रकल्प नसलेल्या जागीही हवी. दुसरी जागा नसेल तर पुढे घट झाली तरी ती प्रकल्पामुळे की एकूणच समुद्रात, हे कुणालाच सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध करता न येण्याचा तोटा नेहमी मासेमारालाच होतो.

रोजगाराचंही सांगतो. उभारणीची दोन वर्षं गर्दी, नंतर डझनभर चक्क्यांमागे मोजके तंत्रज्ञ. पहारा नौका, सर्वेक्षण, माणसांची ने-आण ही कामं स्थानिक नौकांना मिळू शकतात. त्यासाठी उंचीवरचं काम, समुद्रात जीव वाचवणं, प्रथमोपचार, आग, वजन उचलणं हे जागतिक पवन संघटनेचं मूळ प्रशिक्षण लागतं आणि ते दर २४ महिन्यांनी नव्याने करावं लागतं. त्याचा खर्च प्रकल्पाने उचलायचा, आणि काम सुरू होण्याच्या एक वर्ष आधी, हे लिहून घ्या. ने-आण करणाऱ्या साध्या नौकांचं काम साधारण १.५ मीटर लाटेपर्यंतच चालतं. खवळलेल्या महिन्यांत रोजी बुडते, म्हणून नौका मासिक दराने ठरवा.

---

सहहिस्सा

आता करार. "नफ्याच्या इतके टक्के" हे शब्द दिसले की थांबा. नफा हा हिशोबाचा आकडा आहे. कर्जाचं व्याज, व्यवस्थापन शुल्क, घसारा वजा होऊन तो पहिली अनेक वर्षं शून्यच असू शकतो. वस्तीचा हिस्सा प्रति युनिट ठरवा किंवा प्रति मेगावॅट, आणि महागाईशी जोडा. स्कॉटलंडमध्ये जमिनीवरच्या प्रकल्पांसाठी वर्षाला प्रति मेगावॅट ५,००० पौंड असा मार्गदर्शक आकडा ठेवला आहे, महागाईसह. प्रति मेगावॅट रकमेत वारा पडला तरी पैसे मिळतात. प्रति युनिटमध्ये चांगल्या वर्षी जास्त मिळतात, पण ग्रिड भरली म्हणून चक्की थांबवली तर वस्तीही उपाशी. तेव्हा "थांबवलेली युनिटंही धरायची" हे वाक्य घाला.

मालकी हा त्याहून चांगला मार्ग आहे, मात्र वाटा घेतला की तोटाही वाट्याला येतो. कोपनहेगनसमोरच्या मिडलग्रुंडनमध्ये २००० साली २ मेगावॅटच्या २० चक्क्या उभ्या राहिल्या आणि निम्मी मालकी ८,५०० हून अधिक सभासदांच्या सहकारी संस्थेकडे गेली. वर्षाला १,००० युनिट उत्पादनाचा एक हिस्सा, असे ४०,५०० हिस्से विकले. मूळ आराखडा तीन रांगांत २७ चक्क्यांचा होता. लोकांच्या हरकतींनंतर तो एका वळणदार रांगेतल्या २० चक्क्यांवर आला. हरकत आराखडा कागदावर असताना घेतली म्हणूनच हे जमलं. डेन्मार्कने २००९ च्या कायद्याने ४.५ किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना किमान २० टक्के हिस्से देऊ करणं काही वर्षं बंधनकारक केलं होतं. प्रकल्पवाल्यांना हे उदाहरण दाखवा.

समुद्रातली केबल ज्या वस्तीत येते तिला कराराबाहेर ठेवलं जातं, कारण चक्क्या "तिथे नाहीत". तुमच्या दुसऱ्या टप्प्यात नेमकं हेच होईल. दोन्ही टप्प्यांचा एकच करार करा.

---

खाडीकाठ

आयुष्य संपल्यावर काढून नेण्याची जबाबदारी कुणाची? "नियमानुसार" एवढंच लिहिलेलं असतं.

---

सहहिस्सा

प्रकल्पाची कंपनी बहुधा त्या एकाच प्रकल्पासाठी काढलेली असते. २५ वर्षांनी तिच्या नावावर जुन्या चक्क्या सोडून काहीच नसतं. म्हणून काढण्याच्या खर्चाची ठेव वेगळ्या खात्यात हवी आणि ती पहिल्या वर्षापासून भरायला सुरुवात व्हावी. रक्कम दर पाच वर्षांनी नव्या दराने तपासायची. "भंगाराची किंमत वजा जाता" असं लिहिलेलं असेल तर खोडून टाका. भंगाराचा भाव तेव्हा काय असेल हे आज कुणी सांगू शकत नाही.

काढणं शक्य असतं. १९९१ मध्ये सुरू झालेला डेन्मार्कचा विंडेबी हा समुद्रातला जगातला पहिला प्रकल्प, ११ चक्क्यांचा. २०१७ मध्ये तो पुरता काढला गेला, पायांसकट.

---

जस्तलेप

जमिनीवर पाया पूर्ण काढतीलच असं नाही. अनेक ठिकाणी वरचा साधारण १ मीटर फोडून माती लोटतात आणि खालचं काँक्रीट तसंच राहतं. ३ मेगावॅटच्या चक्कीखाली काही शे घनमीटर काँक्रीट असतं. किती खोलीपर्यंत काढायचं ते मीटरमध्ये लिहा. पाती काच-तंतू आणि राळेची असतात, वितळत नाहीत. ती जागेवर कापायची नाहीत, कापायचीच झाली तर पाणी मारत आणि भुसा गोळा करत, हेही घाला. वारा समुद्राकडचा असेल त्या दिवशी तो सगळा भुसा घरांवर जातो.